पाठ भरून येते तेव्हा...

दुपारचे अडीच वाजलेले असायचे. साताऱ्याच्या आमच्या घरात जेवणं उरकलेली, खरकटी भांडी मोरीत पडलेली. आई माजघरात चटईवर पालथी पडायची आणि मला हाक मारायची, ''अगं, जरा पाठीवर पाय दे गं. पाठ अगदी भरून आलीय.'' मी सात-आठ वर्षांची, घरात सगळ्यांत हलकी, म्हणून हे काम माझ्याकडे. भिंतीचा आधार घेऊन मी तिच्या पाठीवर उभी राहायची आणि ती सांगेल तशी पावलं टाकायची. ''जरा वर... डावीकडे... हां, तिथंच. आता शंभर म्हण.'' बाहेर मैत्रिणी ठिकरी खेळायला खोळंबलेल्या असायच्या. मी मोठ्याने आकडे म्हणायची आणि चाळिसानंतर एकदम साठावर उडी मारायची. आई काही बोलायची नाही. मला वाटायचं, तिला कळलंच नाही.

आमच्या घरात ताप आला की डॉक्टर यायचे. पाठ भरून आली की आयोडेक्सची बाटली यायची. पाठ भरून येणं हा आजार नव्हताच. पाणी भरणं, धुणं आपटणं, वरवंटा ओढणं जसं रोजचं, तसंच तेही रोजचं. त्यामुळे आईला नक्की कुठं दुखतं, किती दुखतं, हे कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही. ते कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. मी एका विमा कंपनीत दावे तपासण्याचं काम करते. डोंबिवलीहून फोर्टला रोजचं जाणं-येणं वाचलं म्हणून पहिले चार दिवस मी खूश होते. मग लक्षात आलं की गाडीचा वेळ वाचला खरा, पण तो माझ्या वाट्याला आलेलाच नाही. धुण्या-भांड्यांच्या मावशी बंद. माणसं चोवीस तास घरात. एका बाजूला लॅपटॉपवर दावे, दुसऱ्या बाजूला कुकरच्या शिट्ट्या. टेबल उंच, खुर्ची ठेंगणी. म्हणजे दिवसभर खांदे कानाशी आणि मान लॅपटॉपमध्ये.

ऑगस्टमध्ये उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला एक ठणका सुरू झाला. रुपयाएवढी जागा असेल. तिथून तो मानेत चढायचा आणि कधीकधी थेट कानशिलापर्यंत जायचा. सुरुवातीला वाटलं, उसण भरली असेल, चार दिवसांत जाईल. चार दिवसांचे चार महिने झाले. वेणी घालताना हात वर राहीना. फडताळातला वरचा डबा काढायला मुलाला हाक मारावी लागे. नारळ खवणं, कणीक मळणं, इस्त्री करणं, या साध्या गोष्टींची मनातल्या मनात भीती वाटायला लागली. पुढे ऑफिस सुरू झालं, तर गाडीत वरची कडी धरायला हात जाईना. तशा गर्दीत आधाराशिवाय उभं राहणं म्हणजे काय, ते रोज जाणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे दुखण्याची वाच्यता केली की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला दिला. जाऊबाईंनी उशी घेऊ नकोस म्हणून बजावलं, नणंदेने दोन उशा घे म्हणून. कुणी गरम शेक सांगितला, कुणी बर्फ. गाडीतल्या एका मैत्रिणीने चुंबकाची गादी घ्यायचा आग्रह धरला. तिची किंमत ऐकूनच माझी मान आणखी आखडली. मी यातलं बहुतेक सगळं करून पाहिलं. शेकाने तासभर बरं वाटायचं. तासानंतर पुन्हा तेच.

मग डॉक्टर झाले. एक्स-रे निघाला. मानेच्या मणक्यांत थोडी झीज आहे, असं त्यात आलं. झीज हा शब्द ऐकून मी घाबरले. पुढे कळलं की चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांना काहीही दुखत नाही अशा कितीतरी माणसांच्या एक्स-रेत अशी झीज दिसते. ती बरीचशी केस पांढरे होण्यासारखी असते. नंतर मोठ्या डॉक्टरांकडे एमआरआय झाला. तो पाहून ते म्हणाले, ''काही नाही तुम्हाला. काळजी सोडा.''

खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला रडू आलं. नवरा म्हणाला, ''अगं, काही नाही म्हणाले ना? मग आता कशाला?'' त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवसापासून घरात माझं दुखणं संपलं आणि माझ्या पाठीत तेवढं शिल्लक राहिलं. दुखतंय म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'डॉक्टर तर काही नाही म्हणाले' हे वाक्य दिसायचं. मी सांगायचंच सोडून दिलं.

आणि गोळ्या सुरू केल्या. आधी लागेल तेव्हा, मग रोज एक, मग सकाळ-संध्याकाळ. चौकातल्या औषधाच्या दुकानात नाव सांगितलं की पाकीट हातात पडायचं. एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या खणात, एक स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या डब्यामागे. घरच्यांपासून लपवलेली गोळी ही गोळी राहत नाही, ते व्यसन होतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. २०२२ च्या उन्हाळ्यात जिना चढताना धाप लागायला लागली. शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं, त्याकडे मी दुर्लक्ष केलं. एका संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले. रुग्णालयात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन सातच्या खाली होतं. जठरात अल्सर झाला होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी रागावण्याऐवजी एक गोष्ट सांगितली. एके काळी आपल्या गावोगावी दिसणारी गिधाडं १९९० नंतर झपाट्याने नाहीशी झाली. २००४ साली कारण कळलं. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये आपल्याकडे या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. ''माणूस काही गिधाड नव्हे,'' डॉक्टर म्हणाले, ''योग्य वेळी, योग्य मात्रेत हे औषध चांगलंच आहे. पण ताई, दीड वर्ष? कुणाला न विचारता?'' पलंगाशेजारच्या स्टुलावर नवरा बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. शेंगदाण्याच्या डब्यामागचं पाकीट त्याला सापडलं होतं.

घरी आल्यावर गोळ्या बंद, पण दुखणं होतंच. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या केल्या. ड जीवनसत्त्व आणि बी-१२ दोन्ही कमी निघालं, ते भरून काढायला औषधं दिली. शिवाय त्यांनी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिशीची मुलगी. आता ही मला यंत्रावर बसवून शेक देणार आणि पैसे घेणार, असं धरूनच मी गेले होते. तिने पहिली वीस मिनिटं मला हातही लावला नाही. ''काकू, तुमचा दिवस कसा जातो ते सांगा,'' एवढंच म्हणाली. दोन वर्षांत हे विचारणारी ती पहिली.

मग तिने भिंतीवरच्या चित्रात एक स्नायू दाखवला. कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून निघून दोन्ही खांद्यांवर पसरणारा आणि पाठीच्या मध्यापर्यंत उतरणारा, पतंगाच्या आकाराचा. त्याचं नाव ट्रॅपिझियस. आपलं डोकं साडेचार-पाच किलोंचं, म्हणजे पाच किलोच्या आट्याच्या पिशवीएवढं. पिशवी छातीशी धरली तर जड वाटत नाही. हात लांब करून धरली की मिनिटभरात भरून येतं. मान पुढे काढून बसलं की डोक्याचं तेच होतं, आणि ती पिशवी पेलायचं काम दिवसभर या स्नायूकडे आणि त्याच्या आसपासच्या मंडळींकडे येतं.

''पण मी तर काही जड उचलत नाही. बसूनच असते,'' मी म्हटलं.

''तीच तर गोम आहे,'' ती म्हणाली. ''१९९१ साली हेग नावाच्या एका स्वीडिश संशोधकाने यावर एक विचार मांडला. स्नायूतले सगळे धागे एकदम कामाला लागत नाहीत. काम हलकं असलं की सगळ्यांत लहान धागे आधी उठतात, आणि स्नायू पूर्ण सैल पडेपर्यंत तेच जुंपलेले राहतात. मोठे धागे जड कामापुरते येतात आणि जातात. त्याने या लहान धाग्यांना नाव दिलं सिंड्रेला. गोष्टीतली सिंड्रेला कशी घरात सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या शेवटी झोपते, तसे हे. अजून हे गृहीतकच आहे, सगळं उलगडलेलं नाही. पण टायपिंग करणाऱ्या, शिवण करणाऱ्या बायकांचं दुखणं समजून घ्यायला ते उपयोगी पडतं. शिवाय मनावर ताण असला की हात रिकामे असतानाही हा स्नायू ताठलेला राहतो, हेही प्रयोगांत दिसलंय.''

मी गप्पच झाले. सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या शेवटी झोपणारी. साताऱ्याच्या माजघरात चटईवर पालथी पडलेली पाठ मला समोर दिसली.

त्या मुलीने मला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे एक्स-रेत दिसत नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या नव्याने केली, तेव्हा माणूस आपल्याला दुखतं असं सांगतो त्याचा मान राखायला हवा, हेही तिच्या जोडीने लिहून ठेवलं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी होते. दाराची घंटा वाऱ्यानेही वाजावी तसं. म्हणून दुखलं म्हणजे दर वेळी आत काही तुटतंय असं नाही. दुसरी गोष्ट, चोळल्याने, दाबल्याने बरं का वाटतं? मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं की पाठीच्या कण्यात जणू एक वेस असते. स्पर्शाचा संदेश तिथं पोचला की वेदनेच्या संदेशाला दार थोडं बंद होतं. म्हणजे माझ्या त्या शंभर पावलांत, किंवा ऐंशी म्हणा, खरोखरच औषध होतं. फक्त तात्पुरतं.

कायमचं काय? त्यावर तिने मला एक लांब रबरी पट्टा दिला. पट्ट्याच्या मध्यावर पाय ठेवून उभं राहायचं, दोन्ही टोकं हातांत धरायची, कोपरं किंचित वाकवून हात बाजूंनी खांद्याच्या रेषेपर्यंत न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे. दमेपर्यंत, जास्तीत जास्त दोन मिनिटं. मला वाटलं, ही माझी थट्टा करतेय. दोन वर्षांच्या दुखण्याला दोन मिनिटं! ती म्हणाली, ''डेन्मार्कमध्ये ऑफिसात काम करणाऱ्यांवर हा प्रयोग झालाय, २०११ साली तो छापून आला. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. रोज बारा मिनिटं करणाऱ्यांचं दुखणं कमी झालं आणि रोज दोन मिनिटं करणाऱ्यांचंही झालं. काकू, थकलेल्या स्नायूला विश्रांती हवी हे खरं. पण त्याला ताकदही हवी.''

त्याबरोबर एक घरचा अभ्यास दिला. आठवडाभर वही ठेवायची आणि खांद्याने काय काय केलं ते वेळेसकट लिहायचं. मी लिहिलं. ''५.२० दूध तापवलं, कणीक भिजवली. ५.५० चार डबे. ६.३० काठीने वरच्या दोरीवर कपडे वाळत घातले. ७.४० उजव्या खांद्यावर पर्स, डबा, छत्री, पाण्याची बाटली...'' गंमत म्हणून ती सगळी पिशवी किराणा दुकानात काट्यावर ठेवली. साडेचार किलो! म्हणजे आणखी एक डोकं मी रोज उजव्या खांद्याला लटकवून फोर्टला नेत होते. शेवटची नोंद रोज सारखीच: ''११.१० विरजण लावलं, गॅस बंद केला, दार लावलं.''

वही टेबलावर राहिली होती. रात्री पाहते तो नवरा ती वाचत बसलेला. सात दिवसांची सात पानं त्याने उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग म्हणाला, ''यात माझं नाव कुठंच नाही गं.'' मी म्हटलं, ''नाहीच आहे.'' भांडणाची सगळी तयारी माझ्याकडे होती, पण दोघंही पुढे काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून गेले, तर हा परातीत कणीक मळत होता. कणीक इतकी सैल की पोळ्यांऐवजी धिरडी घालावी लागली. तिसऱ्या आठवड्यात मात्र जमली. कपडे वाळत घालणं मुलाकडे गेलं. त्याचे शर्ट सुरकुतलेले असतात, पण ते त्याचेच आहेत.

बाकीचे बदल लहान लहान होते, म्हणून सांगण्यासारखे आहेत. पर्स गेली, दोन्ही खांद्यांवर घ्यायची सॅक आली. गाडीत मैत्रिणींनी 'कॉलेजकन्या' म्हणून चिडवलं, आता त्यांतल्या दोघींच्या पाठीवर सॅक आहे. घरी लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा गेला आणि कळफलक वेगळा घेतला. आमचा ओटा माझ्या उंचीला उंच पडतो. कणीक मळताना, भाजी चिरताना खांदे वर उचलले जायचे. तो काही तोडता येत नाही, म्हणून पायाखाली आईने दिलेला जुना रुंद पाट घेतला. रोजचे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आले. आणि अर्ध्या तासाने उठायचं. पाणी प्यायचं, खांदे मागून पुढे गोल फिरवायचे, श्वास सोडताना ते खाली सोडायचे. खांदे खाली सोडणं ही शिकायची गोष्ट आहे, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

एक मात्र आवर्जून सांगते. प्रत्येक खांदादुखी स्नायूचीच असते असं नाही. छातीत दडपण, घाम, धाप यांच्याबरोबर खांदा, जबडा किंवा हात दुखला, तर पट्टा शोधू नका, तडक रुग्णालय गाठा. बायकांना हृदयविकारात कधीकधी पाठीतच दुखतं. हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सुटणं, पडल्यानंतरचं दुखणं, ताप किंवा वजन घटणं, कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, तेलकट जेवणानंतर उजव्या फऱ्यात येणारी कळ, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. मधुमेहाच्या माणसांचा खांदा आखडून गोठून जाण्याची शक्यता जास्त असते. हात दुसऱ्या हाताने उचलूनही वर जात नसेल तर वेळ काढू नये.

मी पूर्ण बरी झाले का? नाही. पहिले दोन आठवडे दुखणं उलट वाढल्यासारखं वाटलं आणि मी पट्टा फेकून देणार होते. सहाव्या आठवड्यात एका सकाळी वेणी घालून झाल्यावर लक्षात आलं की मध्ये हात खाली घेतला नव्हता. आज तीन-चार वर्षांनंतर महिन्यातले काही दिवस ते येतं. मार्चअखेरच्या कामात येतं, घरात कुणाचं आजारपण असलं की येतं. पण आता ते घरमालकासारखं येत नाही, पाहुण्यासारखं येतं. चार दिवस राहतं आणि जातं. गोळीचं पाकीट घरात आहे, समोरच्या कपाटात, सगळ्यांना दिसेल असं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते उघडत नाही.

मागच्या दिवाळीत साताऱ्याला भावाकडे गेले होते. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. दुपारी ती कुशीवर पडली होती. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, ''आई, पाठ दाबून देऊ?'' या वयात हाडं ठिसूळ झालेली असतात, पाय देणं तर सोडाच, जोरही लावायचा नाही, असं माझ्या फिजिओच्या मुलीने बजावलं होतं. म्हणून नुसत्या तळहाताने, हलकेच. फऱ्याच्या आतल्या कडेला हात गेला तसं ती म्हणाली, ''हां, तिथंच.'' उजवीकडे, माझ्याच जागी.

''अजून दुखतं?''

''आता कुठलं? आता दुखायला काम कुठं आहे?'' ती हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, ''तू चाळिसानंतर एकदम साठ म्हणायचीस.''

मी चपापले. ''तुला कळायचं?''

''न कळायला काय झालं? पाठ माझी होती.''

''मग बोलली का नाहीस?''

''पोर ती. खेळायची घाई असायची तुला. आणि बोलले असते, तर उद्या आली असतीस का?''

मी काही बोलले नाही. मनातल्या मनात एकपासून आकडे म्हणायला सुरुवात केली. चाळीस झाले, एक्केचाळीस म्हटलं, बेचाळीस म्हटलं. शंभर झाले तेव्हा आईला झोप लागली होती.